मालिकेतील घर, गुन्हा आणि इंग्रजीचे जोडशब्द



७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही कथामालिका सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी ती संपली. दीडशेहून अधिक भागांच्या ह्या मालिकेचे लेखन मनोहर श्याम जोशी ह्यांनी केले होते आणि दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव ह्यांचे होते. कथा एका उत्तर भारतीय, निम्न मध्यमवर्गीय कुटुंबाची. बाप बसेसर राम मद्यपी, आई भागवंती सर्व काही सोसणारी, थोरला लल्लू शिकलेला पण बेकार, धाकट्या नन्हेला क्रिकेटचे वेड, बडकी, मझली आणि छुटकी ह्या तीन बहिणी, शिवाय आजी-आजोबा. दिल्लीच्या रंगभूमीवर नाव कमावलेले सुषमा सेठ, विनोद नागपाल ह्यांच्यासारखे कलावंत ह्या घरात वावरत होते. घराबाहेरचे जगही कथेत होतेच. मुंबईच्या चित्रसृष्टीच्या मोहाने घर सोडणारी मझली होती आणि कर्तव्य बजावताना स्फोटात दृष्टी गमावणारा प्रामाणिक पोलीस अधिकारी समदारही होता. म्हणजे कौटुंबिक कथा आणि गुन्हेकथा असे दोन्ही धागे एकाच वस्त्रात विणलेले होते.

ह्या मालिकेचे एक वैशिष्ट्य आज विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार पडद्यावर येत, घडलेल्या प्रसंगांचा धागा उलगडून दाखवीत, प्रेक्षकांना एखादा प्रश्न विचारीत आणि ‘हम लोग’ हे शब्द भारतातील निरनिराळ्या भाषांत उच्चारून निरोप घेत. प्रेक्षकांनी त्यांना चार लाखांवर पत्रे पाठविली. वरकरणी पाहता अशोक कुमार काही नवे सांगत नसत. प्रसंग तर प्रेक्षकांनी नुकतेच पाहिलेले असत. ते करीत ते एवढेच, की एका प्रसंगाचे दुसऱ्याशी नाते कोणते ते सांगत. हे झाले म्हणून ते झाले. हे झाले तरी ते टळले नाही. हे न होते तर काय झाले असते? व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर, ते उभयान्वयी अव्ययांचे काम करीत होते.

‘उभयान्वयी’ हे नाव मराठी व्याकरणकारांनी मोठे समर्पक ठेवले आहे. दोहोंचा अन्वय लावणारे ते उभयान्वयी. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जर-तर’, ‘जरी-तरी’ ह्या शब्दांना स्वतःचा असा पदार्थ नसतो. ‘घर’ म्हटले की घर डोळ्यांपुढे येते, ‘तरी’ म्हटले की काहीच येत नाही. इंग्रजीतही ‘ऑल्दो’, ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘अनलेस’, ‘मीनव्हाइल’ ह्यांचे तसेच आहे. परक्या भाषेतील नामे आणि क्रियापदे शिकविणे त्या मानाने सोपे. वस्तू दाखविता येते, क्रिया करून दाखविता येते. ‘अनलेस’ दाखवावे कसे?

शाळांतून ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा याद्यांनी दिले जाते. कारण दाखविणारे शब्द इतके, विरोध दाखविणारे इतके, काल दाखविणारे इतके, आणि खाली रिकाम्या जागा. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना निदान दोन्ही भाषांची वाक्ये समोरासमोर ठेवून ताडून पाहण्याची सवय तरी होती. रिकाम्या जागांच्या अभ्यासात तीही राहत नाही. विद्यार्थी ‘मोरओव्हर’ आणि ‘फर्दरमोर’ पाठ करतो व परीक्षेच्या निबंधात मिठासारखे भुरभुरवितो. शब्द पडतात, पण वाक्ये जोडली जात नाहीत.

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव ह्या परिसरात ही उणीव केवळ गुणपत्रिकेपुरती राहत नाही. हिंदी माध्यमातून शिकून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी इतिहास वा अर्थशास्त्र जाणत असतो. परंतु इंग्रजीत उत्तर लिहिताना त्याच्या ज्ञानाचे सांधे निखळतात आणि परीक्षकाला दिसते ते केवळ सुट्या विधानांचे ढीग. न्यायालयात तर गोष्ट अधिक गंभीर होते. दिल्लीत साक्षीदार हिंदीत बोलतो, पोलिसांची फिर्याद उर्दू-फारसी शब्दांनी भरलेल्या हिंदीत असते, आणि न्यायालयाची नोंद व निकाल पुष्कळदा इंग्रजीत होतात. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने फिर्यादीतील दुर्बोध उर्दू-फारसी शब्द टाळण्यास पोलिसांना बजावले, ते योग्यच झाले. पण अवघड शब्दाचा अर्थ कोशात तरी सापडतो. ‘म्हणून’ चुकीच्या जागी पडले तर कोणता कोश उघडावा?

ह्या ‘म्हणून’चेच पाहा. मराठीत दोन वाक्ये घ्यावीत. ‘त्याने दार बंद केले म्हणून तिला बाहेर पडता आले नाही.’ आणि, ‘तिला बाहेर पडता येऊ नये म्हणून त्याने दार बंद केले.’ दोहोंत जोडशब्द एकच, पण पहिल्यात परिणाम आहे, दुसऱ्यात हेतू. मराठी हा भेद क्रियापदाच्या रूपाने आणि वाक्यांच्या क्रमाने दाखविते: ‘आले नाही’ आणि ‘येऊ नये’. इंग्रजी तो बहुतांशी जोडशब्दावर टाकते. परिणामासाठी ‘सो’, हेतूसाठी ‘सो दॅट’. त्यातही बोलताना इंग्रज माणूस ‘दॅट’ गाळतो, तेव्हा ‘सो शी कुडन्ट गेट आउट’ ह्याचा अर्थ दोन्हीकडे झुकू शकतो. लिहिताना आधीचा स्वल्पविराम काहीसा मार्ग दाखवितो. आता हेच वाक्य एखाद्या गुन्ह्याच्या कथेत ठेवावे. दार लावल्याने स्त्री आगीत अडकली, की ती अडकावी ह्यासाठी दार लावले? एका बाजूला अपघात किंवा निष्काळजीपणा, दुसऱ्या बाजूला खून. १८६० च्या भारतीय दंड संहितेने आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने हेतूला जे महत्त्व दिले आहे, ते ‘दॅट’ ह्या एका शब्दात सामावले आहे. विद्यार्थ्याला हा भेद एकदा अशा कथेतून उमगला की तो सहसा विसरत नाही. यादीतून शिकविला तर दुसऱ्या दिवशी विसरतो.

गुन्हेकथेची ही शक्ती आहे. तिचा सारा डोलाराच जोडशब्दांवर उभा असतो. तपास करणारा अधिकारी नवीन वस्तू शोधतो हे खरे, पण रहस्य उलगडते ते वस्तूंचे नाते सापडल्यावर. खुनाच्या आधी की नंतर? तो तेथे होता म्हणून, की तेथे असूनही? दूरदर्शनवर १९८५ मध्ये आलेल्या ‘करमचंद’ने आणि १९९३ मधील ‘ब्योमकेश बक्षी’ने घरोघरच्या प्रेक्षकांना अशा तर्काची सवय लावली, मराठी प्रेक्षकांना पोलीसतपासाची गोडी ‘एक शून्य शून्य’ने लावली. २००२ साली सुरू झालेल्या ‘जासूस विजय’ ह्या मालिकेत तर एड्सविषयीची माहितीच गुप्तहेराच्या तपासात गुंफली होती. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट, दूरदर्शन आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना ह्यांच्या सहकार्याने ती निघाली आणि निवेदकाच्या जागी ओम पुरी होते. अशोक कुमारांनी घालून दिलेली निवेदकाची प्रथा येथेही चालू राहिली, हे लक्षणीय आहे.

भारतीय भाषा बोलणाऱ्याला इंग्रजी जोडशब्द का अडतात ह्याचे एक मूळ त्याच्या आळसात नसून त्याच्या मातृभाषेच्या श्रीमंतीत आहे. ‘दार उघडून, आत शिरून, कपाट फोडून, पैसे घेऊन तो पळाला.’ पाच क्रिया, एक वाक्य, आणि एकही उभयान्वयी अव्यय नाही. ‘ऊन’ प्रत्ययाने सारे काम केले. हिंदीत हेच काम ‘कर’ करतो. शिवाय हा प्रत्यय बहुरूपी आहे. ‘पडून पाय मोडला’ ह्यात तो कारण सांगतो, ‘हसून म्हणाला’ ह्यात रीत सांगतो, ‘श्रीमंत असून कंजूष’ ह्यात विरोध सांगतो. मराठी भाषक हे सर्व भेद न बोलता समजतो. इंग्रजीत येताच त्याला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते: येथे ‘आफ्टर’ हवे, की ‘बिकॉज’, की ‘ऑल्दो’? ज्याची भाषा हा निर्णय क्रियापदाच्या शेपटीवर सोडून मोकळी होते, त्याला असा निर्णय स्वतंत्र शब्दाने जाहीर करण्याची सवय नसते. म्हणून तो ‘अँड’ लावतो, आणि पुन्हा ‘अँड’ लावतो.

दुसरी अडचण जोडीच्या शब्दांची. ‘जरी’ आले की ‘तरी’ आलेच पाहिजे, ‘जर’ला ‘तर’ हवा. त्या सवयीने ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येतो, ‘बिकॉज’च्या मागून ‘देअरफोर’ येतो. शिक्षक तांबड्या शाईने दुसरा शब्द कापतो व कारण सांगत नाही. वास्तविक जुन्या इंग्रजीत ‘दो’च्या जोडीला ‘येट’ बिनदिक्कत चालत असे, हे विद्यार्थ्याला सांगितले तर आपली चूक अगदीच रानटी नाही एवढे समाधान त्याला मिळेल आणि नियमही लक्षात राहील.

तिसरी अडचण खास हिंदी मुलखातली. ‘जब तक वह नहीं आता’ ह्यातील नकार इंग्रजीत जसाच्या तसा नेला जातो आणि ‘अंटिल ही डझन्ट कम’ असे वाक्य तयार होते. मराठीत ‘तो येईपर्यंत’ आणि ‘तो येत नाही तोवर’ अशा दोन्ही वाटा असल्याने मराठी मूल कधी वाचते, कधी फसते. पहाडगंज-करोलबागेतील मराठी घरांत वाढलेली मुले दोन्ही भाषा बोलतात, आणि बहुधा हिंदीच्या वाटेने फसतात. ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच असतो, त्यात आणखी एक नकार घातला की धमकीचे वचन होते आणि वचनाची धमकी. ‘पैसे दिल्याखेरीज सोडणार नाही’ असे म्हणणारा खंडणीखोर इंग्रजीत ‘पैसे न दिल्याखेरीज सोडणार नाही’ असे बोलू लागला, तर ओलीस धरलेल्याच्या नातेवाइकांनी करावे काय? वर्गात हा प्रसंग मांडला की हशा पिकतो, आणि हशा पिकल्यावर नियम सांगावा लागत नाही.

आता कौटुंबिक कथेकडे वळावे. गुन्हेकथा कारण, हेतू आणि कालक्रम शिकविते. कुटुंबकथेचे राज्य ‘तरीही’चे. घरातील माणसे एकमेकांशी पटत नसूनही एकत्र राहतात, ह्या एकाच वाक्यावर जगातील निम्म्या मालिका चालल्या आहेत. ह्या बाबतीत ‘हम लोग’मधील भागवंतीचे उदाहरण उद्बोधक आहे. मुकाट्याने सोसणाऱ्या स्त्रीची काय दशा होते ते दाखवावे, आणि प्रेक्षकांनी तिचे अनुकरण करू नये, असा मालिकाकर्त्यांचा हेतू होता. म्हणजे त्यांच्या मनात ‘देअरफोर’ होते: ती सर्व सोसते, म्हणून तिची दुर्दशा होते. परंतु मालिकेच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले, की कित्येक प्रेक्षकांनी, त्यांत अनेक स्त्रियांनी, भागवंतीलाच आदर्श मानले. त्यांनी तेच प्रसंग पाहिले होते, पण मधला शब्द वेगळा घातला होता: तिची दुर्दशा होते, तरीही ती घर सांभाळते. प्रसंगांत काडीचाही फरक नाही. फरक आहे तो एका अव्ययाचा, आणि त्याने उपहास आणि आदर ह्यांची अदलाबदल केली. समदारचेही तसेच. ‘तो प्रामाणिक होता म्हणून त्याची दृष्टी गेली’ असे म्हणणारा जगाविषयी एक मत देतो, ‘तो प्रामाणिक होता तरी त्याची दृष्टी गेली’ म्हणणारा दुसरे. समदारच्या कथेनंतर नेत्रदानाचे संकल्प करणाऱ्या प्रेक्षकांनी कदाचित तिसराच शब्द निवडला असेल.

मनोरंजनाच्या मालिकेतून काही शिकवावे ही कल्पना भारतात मेक्सिकोहून आली. तेथे मिगेल साबिदो ह्यांनी १९७५-७६ मध्ये ‘वेन कोन्मिगो’ ही मालिका प्रौढ साक्षरतेसाठी काढली, आणि तिच्या काळात लक्षावधी प्रौढांनी साक्षरता वर्गांत नावे घातली. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे, जे विदर्भातले, त्यांनी ही मेक्सिकन वाट दिल्लीच्या कामी आणली. त्याआधी ब्रिटिश नभोवाणीवर ‘डिक बार्टन’ ह्या गुप्तहेराच्या जागी १९५१ मध्ये ‘द आर्चर्स’ हे शेतकरी कुटुंब आले आणि त्याने शेतीच्या सूचना घरगुती गप्पांत मिसळल्या. गुप्तहेर गेला आणि कुटुंब राहिले, हा तेथला निकाल. भारतात मात्र दोघेही नांदत आहेत.

शिकवणीचा अतिरेक मात्र प्रेक्षक सहन करीत नाही. ‘हम लोग’च्या पहिल्या काही भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश एवढा ठासून भरला होता, की प्रेक्षक कुरकुरू लागले आणि पुढे तो सौम्य करावा लागला. इंग्रजी शिकविण्याकरिता मुद्दाम मालिका रचणाऱ्यांनी हे विसरू नये. नायिका रडता रडता ‘नेव्हरदलेस’ म्हणू लागली तर कोणी पाहणार नाही. दिल्लीत ह्या प्रयोगांचा इतिहास तसा जुना आहे. येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शन प्रायोगिक रूपात सुरू झाले आणि २४ ऑक्टोबर १९६१ पासून फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने शाळांसाठी पाठ प्रक्षेपित होऊ लागले. त्यांत इंग्रजीही होते. ‘हम लोग’ सुरू झाल्यानंतर सुमारे सव्वा महिन्याने, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ कार्यक्रम सुरू झाला. त्यात इंग्रजी भरपूर होते, कथा नव्हती. ‘हम लोग’मध्ये कथा होती, इंग्रजीचा पाठ नव्हता. ह्या दोहोंना जोडण्याचे काम पडद्यावर नव्हे तर वर्गातच होऊ शकते.

ते कसे? मालिका हिंदीत वा मराठीत पाहावी आणि कथा इंग्रजीत सांगावी. विद्यार्थ्याला प्रसंग पाठ असतात, पात्रांविषयी मते असतात, त्यामुळे बुद्धीची सारी शक्ती सांध्यांवर खर्चता येते. इंग्रजी मालिका पाहून हे साधत नाही असे नाही. परंतु तिच्या संवादांत ‘सो’, ‘बट’, ‘वेल’ एवढेच वारंवार येतात. स्वयंपाकघरातल्या भांडणात ‘हाउएव्हर’ कोणी म्हणत नाही. भारदस्त जोडशब्द संवादात नसतात, ते कथनात असतात. कथा सांगणाऱ्याच्या तोंडी ते आपोआप येतात. हरिदास आख्यान रंगात आणून मध्येच ‘आता इकडे काय झाले?’ म्हणून दुसऱ्या स्थळी उडी घेतो, ते इंग्रजीतील ‘मीनव्हाइल’च होय, आणि मालिकेत नन्हेच्या प्रसंगावरून कॅमेरा मझलीकडे वळतो तेव्हाही तेच. रुकैया हसन, ज्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील प्रतापगडचा, आणि एम. ए. के. हॅलिडे ह्यांनी १९७६ साली इंग्रजीतील वाक्यबंधांवर लिहिलेल्या ग्रंथात जोडणीचे चार प्रकार मानले: भर घालणारी, विरोध दाखविणारी, कारण सांगणारी आणि काल सांगणारी. आठवड्याच्या कथेत हे चारही प्रकार सापडतात. ते विद्यार्थ्याने शोधावेत, शिक्षकाने फळ्यावर मांडून ठेवू नयेत.

कृती साधी आहे. शिक्षकाने आठवड्यातील सात-आठ प्रसंग लहान लहान इंग्रजी वाक्यांत, कोणताही जोडशब्द न घालता, वेगवेगळ्या कागदांवर लिहावेत. विद्यार्थ्यांनी आधी ते क्रमाने लावावेत. गुन्हेकथा असेल तर येथेच मतभेद होतात, कारण पडद्यावर आधी दिसलेले आधी घडलेले असतेच असे नाही. ‘बाय द टाइम’ आणि ‘हॅड’ ह्यांची गरज तेव्हा पटते. मग जोडावे. एका आठवड्यात तीनच नवे शब्द पुरेत. शेवटी सारी कथा पाच वाक्यांत बसवावी. वाक्यांची संख्या कमी केली की जोडशब्द आपोआप मागितले जातात. दुसऱ्या आठवड्यात पात्रे तीच, भानगड नवी. पाठ्यपुस्तकातला उतारा एकदा वाचला की संपतो, मालिका संपत नाही, हा तिचा एरवीचा दोष येथे गुण ठरतो.

आणि एखादा प्रसंग मुद्दाम असा निवडावा, की ज्यात दोन शब्द सारखेच बसतात. ‘भागवंती गप्प राहिली.’ ‘घर टिकले.’ मध्ये जागा मोकळी. एक विद्यार्थिनी ‘सो’ लिहील, तिच्या शेजारची ‘बट’ लिहील. दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत, तेव्हा शिक्षकाने तांबडी पेन्सिल खाली ठेवावी आणि दोघींना आपापल्या शब्दाचे समर्थन करायला सांगावे, अर्थात इंग्रजीत.